उंबरवाडीचा उतार

माणगावच्या टपाल कचेरीत सायकल आली त्या दिवशी दादू पोस्टमनला जेवण गेलं नाही. अठरा वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस, पंचेचाळिशीला आलेला. पण चार दिवस पडत-धडपडत शिकला आणि पाचव्या दिवशी उगाचच घंटी वाजवत बाजारातून फिरू लागला.

हुरूप निव्वळ सायकलीचा नव्हता. पोस्टमास्तर दिनानाथरावांनी त्याला सांगितलं होतं, "दादू, नांदवळकडची गावं तुझीच आहेत. उंबरवाडीकडचा माणूस आता निवृत्त झाला. दोन्ही बाजू एका फेरीत घेऊन पाचच्या टपाल मोटारीआधी परत आलास, तर दर सोमवारी आणि गुरुवारी ती फेरी तुझी. या सोमवारी बघू. नाही जमलं, तर उंबरवाडी म्हसळ्याच्या कचेरीकडे जाईल."

उंबरवाडीला दादूची राही दिली होती. एकुलती एक, बिनआईची. पण बापाने उठसूट लेकीच्या सासरी जाऊ नये, लोक नावं ठेवतात. म्हणून लग्नाला तीन वर्षं झाली तरी दादू दोनदाच तिकडे गेला होता. टपाल घेऊन आलेल्या बापाला मात्र कोण काय म्हणणार? ही फेरी जमली नसती तर त्याचं काळीजच तुटलं असतं.

शनिवारी त्याने कचेरीच्या ओट्यावर कोळशाने रस्ता आखायला घेतला. नांदवळची बाजू तोंडपाठ होती. उंबरवाडीच्या रस्त्याचं मात्र त्याला काहीच आठवेना. दोन्ही वेळा व्याह्यांच्या बैलगाडीतून गेलेला; जाताना जीव पुढे धावत होता, येताना डोळे भरलेले. चढ-उताराकडे लक्ष होतंच कुणाचं?

तेवढ्यात व्याहीच हजर झाले. अंबाजी गाडीभर भात विकायला गिरणीवर आला होता, उद्यापर्यंत मुक्कामाला.

"व्याहीबुवा, हितून तुमच्याकडं रस्ता कसा हाय?" दादूने विचारलं.

"उतार! निव्वळ उतार!" अंबाजीने हात असा सोडला की ऐकणाराच घसरावा. "बैलांना हाकावं लागत न्हाय, धावत सुटतात. मी तर गाव सोडलं की झोपतो. चढ म्हंजे हिकडं येताना. पाऊल उचलत न्हाईत."

मुलीच्या सासऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दादूने गोल पुरा केला: सकाळी थैली जड, तेव्हा आधी उतारावरून उंबरवाडी, मग हलक्या थैलीने नांदवळवरून परत. वीस मैल. इतका सोपा बेत, की तो ओट्यावर एकटाच हसत बसला.

रविवारी तो रस्ता बघायला निघाला. नदी ओलांडली आणि चढ लागला. असेल एखादा, दादू म्हणाला. थोडी सपाटी, पुन्हा त्याहून मोठा चढ. तिसऱ्या टेकडीला तो खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. नाकी नऊ आले. थैली नाही, ऊन नाही, तरी ही गत; उद्या पाचची मोटार कसली गाठतोय? त्याला राहीचं तोंड दिसू लागलं आणि व्याह्याचा असा राग आला, की त्यांना बोलायची सोय नाही म्हणून त्याने सायकललाच शिव्या घातल्या.

मागून घुंगरांचा आवाज आला. अंबाजीची रिकामी गाडी चढावरून दौडत आली. बैल मान खाली घालून, फेस गाळत, वर धावत होते आणि मालक आत तोंड उघडं टाकून घोरत होता.

दादू बघतच राहिला. बैल उताराला धावत नव्हते, घराला धावत होते! गोठा पुढे असला की त्यांना टेकडी दिसत नाही. गोठा मागे आणि भाताची पोती गाडीत, म्हणजे उतारावरही पाय जड. व्याहीबुवा झोपले होते ते बरंच झालं, कारण दादू रस्त्यात मोठ्याने हसला.

त्याने सायकल फिरवली आणि पाय वर घेतले. टेकड्या मागे पळू लागल्या, टोपी उडाली, दादूने आरोळी ठोकली. माणगावात पोचला तो थेट ओट्यावर. गोल तोच ठेवला, फक्त उलटा फिरवला: आधी नांदवळ, शेवटी उंबरवाडी. नांदवळकडून चढ पसरलेला, सकाळच्या गारव्यात पार होईल, आणि मोटारीच्या घाईच्या वेळी नुसता उतार.

सोमवारी साडेतीनला त्याने उंबरवाडीच्या खळ्यावर घंटी वाजवली. झोडपणी चालली होती. अंबाजी छाती काढून पुढे आला.

"सांगितलं न्हवतं? रस्ता आपला सोपा हाय."

"व्हय व्याहीबुवा, तुमच्यामुळंच जमलं," दादू म्हणाला, आणि ते खरंच होतं.

राही सूप टाकून धावत आली. अंगभर भुसा, कंबरेला खोचलेला पदर. बापलेक दगडावर बसून बोलली, घाई नव्हती. माणगावापर्यंत आता निव्वळ उतार होता. दादू उठला तसा तिचा चेहरा उतरला.

"आबा, आता परत कधी?"

आजवर या प्रश्नाला दादूकडे एकच उत्तर होतं: बघू, सणासुदीला.

"गुरुवारी," तो म्हणाला. "साडेतीनला."