सौनात राहूनही थंड

ओइवाचं वागणं मला पसंत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात पाहुणा आला, कॉफीचा पहिला घोट पोटात गेला, की हा माणूस माझ्या डब्यावर थाप मारतो आणि म्हणतो, "माझ्या बहिणीचं पहिलं पुस्तक मी वाचवलं, बरं का!" पाहुणा वा वा करतो. माझं नावसुद्धा निघत नाही. ज्या डब्यावर हा थाप मारतो त्याच्या आत माझ्या अंगावर कालपर्यंत बोटभर धूळ बसली होती. ती झटकावी, हे त्याला सहा वर्षांत आपणहून सुचलं नाही. तेव्हा मित्रांनो, खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका.

मी एक जुनी कूलर आहे. उन्हाळ्यात तुम्ही ज्यात बादलीभर पाणी ओतता आणि ज्याच्या गवताला कुबट वास मारतो, तो दांडगा कूलर नव्हे. मी संगणकाच्या पोटात राहते. तिथे प्रोसेसर नावाचा बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा असतो. सगळी आकडेमोड तोच करतो आणि करता करता तव्यासारखा तापतो. त्याच्या डोक्यावर बसून त्याला शांत ठेवायचं, हे माझं काम. लोक मला 'तो कूलर' म्हणतात. म्हणू देत. तापट गड्याला जन्मभर सांभाळून घेते ती बाईच असते.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याचा तळ, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या चार नळ्या, आणि नळ्यांवर ओवलेले पातळ पत्रे, वाळत घातलेल्या पापडांसारखे, एकालाही दुसरा न चिकटलेला. नळ्यांच्या पोटात थेंबभर पाणी आहे. ते तळाशी तापून वाफ होतं, वर जाऊन पत्र्यांना ऊब देतं आणि परत पाणी होऊन खाली येतं. पुढ्यातला पंखा ती ऊब उडवून लावतो. मला शाळा नाही, तरी एवढं कळतं. ओइवा शाळेत गेला होता.

दूर उत्तरेतल्या बर्फाळ कुओपिओ गावात मार्केत्ताबाईंच्या दुकानात मी फळीवर बसून होते. एका जानेवारीत साईमी आत आली, मागोमाग तिचा धाकटा भाऊ ओइवा. साईमीने बालवाडीतली नोकरी सोडून पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम धरलं होतं. पहिलंच पुस्तक हातात होतं. पण प्रकाशकाने नमुना ऐकून कळवलं होतं की आवाज गोड आहे, मात्र मागे भुंगा घुमतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारपर्यंत स्वच्छ पुस्तक आलं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला. तो भुंगा म्हणजे तिच्या संगणकातला जुना, फुकटात आलेला कूलर.

"प्रोसेसर कोणता?" मार्केत्ताबाईंनी विचारलं.

साईमीने कागद पुढे केला.

"हा फार तापट नाही. मध्यम बांध्याचा कूलर पुरे. डब्याची आतली उंची मोजलीस?"

साईमीने पिशवीतून विणकामाची टेप काढून दाखवली. "सोळा सेंटीमीटर, वर दोन मिलिमीटर."

"शाबास गं! निम्मे लोक न मोजता येतात आणि मग झाकण उघडं टाकून संसार करतात."

"ताई, तो बघ!" ओइवा ओरडला. "पाण्यावर चालतो! लाल-निळे दिवे पण आहेत!"

"मला पुस्तक वाचायचंय, ओइवा. जत्रा नाही भरवायची."

"आणि पाण्याला पंप लागतो," मार्केत्ताबाई म्हणाल्या. "तो किती गुणगुणेल, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. पुठ्ठ्यावरचं लिहिलेलं वाचू नकोस, बाई. कान लाव."

त्यांनी एकेक कूलर चालू करून दाखवला. पहिला छोटा, डासासारखा किणकिणला. दुसरा दोन पंख्यांचा पहिलवान. आवाज मऊ, पण उंची अशी की डब्याचं झाकण लागलं नसतं, आणि रुंदी अशी की शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांवर मांडी ठोकून बसला असता. तिसरी मी. साईमीने डोळे मिटले, कान जवळ आणला. बराच वेळ गेला.

"ही चालू केलीत का?"

"बोट धर पुढे."

बोटाला वारा लागला आणि साईमी खुदकन हसली. "हीच!"

"ही?" ओइवा म्हणाला. "रंग बघ तिचा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी या माणसाचा हिशेब चुकता करायची वाट पाहत होते.

घरी मला बसवायला तोच पुढे झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हातात पाना आला की राजा. प्रोसेसर आणि मी यांच्यामध्ये पांढरा लेप लागतो, वाटाण्याएवढा. हा चमच्याने फासायला निघाला.

"पावाला लोणी लावतोयस का?" साईमी म्हणाली. "आणि तिच्या तळाचा तो पातळ कागद कोण सोलणार?"

"सोलतच होतो," ओइवा म्हणाला. सोलत नव्हता. कागद तसाच राहिला असता तर मी पायात मोजे घालून तव्यावर उभी राहिल्यासारखी झाले असते.

आता माझी जागा ऐका. साईमीच्या घरात सौना आहे, लाकडी भिंतींची घामाची खोली. तिथे विजेच्या चुलीवर दगड तापतात, त्यांवर पाणी मारायचं आणि उघड्या अंगाने बाकावर बसायचं. तिच्या मजल्यावरच्या निम्म्या बिऱ्हाडांनी सौनात सुटकेस आणि बर्फावर घसरायच्या पट्ट्या कोंबल्या आहेत. साईमीने तिथे पुस्तक वाचायची खोली केली. जाड लाकडातून रस्त्याचा आवाज येत नाही. बाहेरचं न्हाणीघर ओलं, म्हणून संगणकही आतच, खालच्या बाकावर. चुलीवर मात्र तिने कधी चिंधीसुद्धा ठेवली नाही, आणि पहिल्याच दिवशी भावाला बजावलं, "ओइवा, चुलीचा फ्यूज काढून टाक."

"उद्या काढतो, ताई."

साईमी महिनाभर वाचत राहिली. ती थांबली की खोलीत इतकी शांतता पसरे की तिच्या पोटातली गुरगुर ध्वनिमुद्रित होई, आणि ते वाक्य तिला हसत हसत पुन्हा वाचावं लागे. माझा आवाज कुठेच नव्हता. एवढा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.

शेवटच्या सोमवारच्या आधीचा शनिवार उजाडला. पुस्तक वाचून झालं होतं. अकरा तासांचं वाचन एकत्र गुंफून त्याचं पक्कं पुस्तक करायचं काम प्रोसेसरकडे होतं. तो भरात होता, मी त्याच्या डोक्यावर होते. मध्येच बंद पडलं तर सगळा गुंता पहिल्यापासून, आणि डबा वितळला तर पहिलंही काही उरणार नव्हतं, कारण दुसरी प्रत तिने अजून केलीच नव्हती. साईमी दार लोटून स्वयंपाकघरात गेली.

एवढ्यात ओइवा आला. दर शनिवारी न्हायला कुणाच्या तरी सौनात जायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याने बूट काढले, आणि त्याचा हात, डोक्याला न विचारता, न्हाणीघराच्या भिंतीवरच्या बटणाकडे गेला. बटण फिरवलं. फ्यूज जागेवरच होता. कपडे काढून, कमरेला टॉवेल गुंडाळून, स्वारी कॉफी प्यायला गेली.

आधी दगड कुरकुरले. मग हवा कोमट झाली, मग गरम. मित्रांनो, मी हवेची बाई आहे. हवा थंड असेल तर कितीही ऊब उडवून देईन. पण हवाच तापली तर काय करू? गरमागरम ताक उकळत्या कढीत ओतल्यासारखं! प्रोसेसर माझ्याखाली फणफणला. मी पंखा जोरात फिरवला. आणखी जोरात. शेवटी जन्मभर मौन पाळलेली मी, अशी गर्जले की पत्रे थरथरले.

स्वयंपाकघरात साईमीने कप खाली ठेवला. "कोण घुमतंय?"

"शेजाऱ्यांचं धुण्याचं मशीन."

"नाही. हा आपल्या घरातला आवाज आहे." मग तिने त्याच्या टॉवेलकडे पाहिलं. "ओइवा. तू सौना लावलास?"

"शनिवार आहे ना? लावणारच की..." आणि तो कप टाकून उठला.

दोघं धावली. त्याने बटण बंद केलं, तिने आत शिरून डबा उचलला. "वायर ओढू नकोस, ताई!" "नाही ओढत! तू बाल्कनीचं दार उघड!" वायर लांब होती म्हणून निभावलं. साईमीने मला दिवाणखान्यातल्या दाराशी जमिनीवर ठेवलं, आणि ओइवाने दार सताड उघडलं. बाहेर उणे अठरा.

काय तो वारा, लेकरांनो! पहिल्या घोटाने माझे पत्रे गारेगार झाले. प्रोसेसरने सुस्कारा टाकला. माझी गर्जना उतरत उतरत नाहीशी झाली.

"झालं? लावू दार?" ओइवाचे दात वाजत होते.

"अजून नऊ मिनिटं. दार धरून उभा राहा, वाऱ्याने लागतंय ते."

"अगं, मी टॉवेलवर आहे!"

"मग दोन्ही हातांनी धर. एकाने दार, एकाने टॉवेल."

समोरच्या बाल्कनीतली म्हातारी बाहेर आली आणि तिने मान डोलावून नमस्कार केला. ओइवाचा हात मोकळा नव्हता, त्याने मानेनेच परत केला. साईमी जमिनीवर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. नऊ मिनिटांनी पुस्तक पुरं झालं. त्याच संध्याकाळी तिने तीन प्रती केल्या आणि ओइवाने फ्यूज काढला. न सांगता काढला.

सोमवारी पुस्तक गेलं. उत्तर आलं, "मागे काहीच ऐकू येत नाही. दुसरं पुस्तक पाठवत आहोत." कुणाचं नाव नसलं तरी मी ओळखलं की 'काहीच' म्हणजे मी.

त्याला सहा वर्षं झाली. साईमीची आता चाळीस पुस्तकं आहेत. मधल्या काळात पत्र्यांच्या फटीत धूळ साचली आणि थोड्या कामालाही मला धाप लागू लागली. मित्रांनो, जे गप्प राहून राबतं त्याचा विसर लवकर पडतो. वर्षातून एकदा तरी संगणक बंद करून झाकण काढा, मऊ कुंचल्याने धूळ झाडा, आणि फुंकर घालताना पंखा बोटाने धरा, उगाच गरगरवू नका. याला फार वेळ लागत नाही.

काल पुन्हा पाहुणे आले. मासे भरून भाजलेला पाव कापला गेला, आणि ओइवाने सगळ्यांना सौनात आणून माझ्या डब्यावर थाप मारली. "माझ्या बहिणीचं पहिलं पुस्तक..."

"ओइवा," साईमी म्हणाली, "पंखा पुन्हा घुमायला लागलाय, ऐकतोस ना? हा घे कुंचला."

तो बिचारा पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसला. पण खरं सांगते, हात हलका होता. संगणक बंद करून फटीफटीतून त्याने धूळ काढली, पंखा बोटाने धरला, आणि मला वाटलं मी पुन्हा मार्केत्ताबाईंच्या फळीवर आहे. झाकण लावून त्याने संगणक चालू केला. सुरू होताना मला क्षणभर पूर्ण जोरात फिरू देतात. तेवढाच माझा बोलायचा वेळ. पाहुण्यांना फक्त घुर्र ऐकू आलं असेल. मी ओइवाला म्हणाले,

"दार तू धरलंस, ते मी मान्य करते. चूलही तूच लावलीस, तेही पाहुण्यांना सांगत जा. आणि आलास की थाप नको मारूस रे बाबा, कुंचला मार."