ऊबमहाराजांची बैठक

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या उंच लाकडी बैठकीवर ऊबमहाराज बसले होते. बैठकीभोवती जमिनीपर्यंत जाड मखमल सोडलेली. एका बाईने घरून आणलेलं अंडं त्यांच्या हातात दिलं. महाराजांनी ते शालीत घेतलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि शाल बाजूला सारली. तळहातावर तडकलेलं अंडं, आणि बघता बघता त्यातून ओलंचिंब पिल्लू बाहेर पडलं.

"कोंबडीला एकवीस दिवस लागतात," महाराज म्हणाले. "आम्हाला एकवीस श्वास पुरतात. ही ऊब वरून येते, बाळांनो. औषधं थंड असतात. थंडीत कधी जीव धरतो का?"

माना डोलल्या. मागे उभ्या असलेल्या रेडिओताईने मात्र नाकाला पदर लावला. अत्तराचा घमघमाट होता, पण त्याच्याखाली नासक्या अंड्यांची घाण दडत नव्हती.

रेडिओताई म्हणजे चौकातली दुरुस्तीवाली. बावीस वर्षं लोकांचे रेडिओ, पंखे, मिक्सर उघडून बसलेली बाई. ती इथे आली होती धाकट्या बहिणीला घरी न्यायला. धाकटीला साखरेचा आजार, पायाला जखम. दहा दिवसांपूर्वी महाराजांनी तिचं इन्सुलिन बंद करवलं आणि जखमेवर 'उबवलेल्या' अंड्याचा बलक बांधायला सांगितलं. त्या पट्टीतून पिवळं पाणी गळत होतं, आणि धाकटी पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती.

"चल, डॉक्टरांकडे जाऊ," गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचून रेडिओताई तिच्या कानाशी म्हणाली.

"गप्प बस गं. ऐक. देवाच्या काळजाचा ठोका."

सगळे कान टवकारून बसले होते. बैठकीतून बारीकसा आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

रेडिओताईच्या अंगावर काटा आला. हा आवाज तिच्या हातचा होता.

चार महिन्यांपूर्वी गळ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस दुकानात आला होता. कुक्कुटपालन करतो म्हणाला. अंडी उबवायच्या पेटीला तापमान राखणारं यंत्र हवं होतं, साडेसदतीस अंश, इकडचं तिकडे व्हायला नको. रेडिओताईने जीव ओतून काम केलं. उष्णता ओळखणारा मण्याएवढा थर्मिस्टर पेटीत टांगला. पेटी गार झाली की रिले, म्हणजे टक् करून आपोआप चालू-बंद होणारा स्विच, बल्ब लावणार, तापली की विझवणार. तीन दिवस दोन तापमापक लावून तिने ते जुळवलं आणि स्क्रू हलू नये म्हणून त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा थेंब सोडला. "आवाज कमी करता येईल?" त्याने विचारलं होतं. कोंबड्या बिचकत असतील, असं समजून तिने रिलेखाली फोम बसवला.

तो मफलरवाला आता महाराजांच्या उजव्या हाताला उभा होता.

तिला स्वतःचीच किळस आली. ती तडक पुढे गेली.

"महाराज, जरा उठता का? खाली माझं काम आहे."

"बाई अपवित्र आहे, तिला आवरा," मफलरवाला म्हणाला, पण आवाज फाटला.

तोवर तिने मखमल ओढली होती. आत काचेची पेटी, दोन बल्ब, पाण्याची वाटी, जाळीवर ओळीने अंडी. काही फुटायला आलेली. शाल हलवता हलवता लोकांचं अंडं बैठकीतल्या भोकातून खाली सरकवायचं आणि त्यातलं एक वर घ्यायचं, एवढाच चमत्कार. कोपऱ्यात प्लास्टिकची पिशवी होती. तिने ती उचलली आणि मेलेली, चिकट, अर्धवट पिल्लं जमिनीवर सांडली. पहिली रांग नाक दाबून मागे सरली.

"पेटीतही देवच असेल की," एक म्हातारा पुटपुटला.

"बघूया," रेडिओताई म्हणाली. तिने थर्मिस्टर बाहेर ओढला, नेलपॉलिश खरवडून हाताच्या उबेलाही यंत्र चालावं इतका स्क्रू मागे फिरवला आणि तार धाकटीच्या हातात दिली. "मुठीत धर."

धाकटीने मूठ आवळली. टक्. बल्ब विझला.

"आता सोड."

टक्. बल्ब लागला. धाकटीने तीनदा धरलं, तीनदा सोडलं. चौथ्यांदा तिने तार खाली ठेवली. "ताई, मला इथून ने," ती म्हणाली.

महाराज मागच्या दाराने निघाले होते, पण बाहेर लोकांनी त्यांना अडवलं. पोलीस येईपर्यंत एकवीस श्वास सोडाच, त्यांना एक श्वासही धड घेता येईना.

धाकटीच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला. "आणखी चार दिवसांनी आला असतात, तर मी काही सांगू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाले.

आठवड्याभराने गोदामातल्या दोघी जणी भेटायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक हळूच म्हणाली, "यंत्र होतं हे खरं. पण तुझी श्रद्धाही जरा कमीच पडली असेल."

रेडिओताईचा संताप उसळला, पण धाकटीने तिला हाताने थांबवलं आणि पायावरची चादर बाजूला केली.

"श्रद्धा कमी नव्हती," ती म्हणाली. "दहा दिवस घाण वास येत होता, तरी मी हात जोडून बसले होते. कमी पडलं ते इन्सुलिन. जो औषध सोडा म्हणतो, त्याला आधी विचारा, का? आणि त्याने उत्तर दिलं नाही, तर उठून घरी जा. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."