लाल पाणघोडा आणि जावईबापू

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण जाडा म्हणू नका. मी बागेतला दगडी पाणघोडा आहे, आणि पाणघोड्याने असंच असायचं असतं!

सावे नदीच्या खोऱ्यातून मला काळा धोंडा म्हणून आणलं. झिवानाई नावाच्या शिल्पकाराने माझे कान, नाक, पाठ घडवली. मग भोवती जाळ करून मला तापवलं आणि तापल्या अंगाला मेण चोळलं. काय चमकलो मी! बागेत चौथऱ्यावर बसलो त्या दिवशी सगळं गाव नाचलं. आमच्याकडे प्रत्येक कुळाचं देवक एखादं जनावर असतं. ज्यांचं देवक पाणघोडा, ती माणसं येता-जाता माझ्यासमोर टाळ्या वाजवून मला मान द्यायची.

पुढे दिवस फिरले. बागेचा माळी गेला, नवा आलाच नाही. गवत माझ्या नाकापर्यंत वाढलं. लोक माझ्या पाठीवर बसून शेंगा खात आणि टरफलं तिथेच टाकत. चौथरा एका बाजूने ढासळला आणि मी कलंडलो. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. दगडालाही वाटतं.

एके दिवशी नगरपालिकेची पाटी लागली: पुतळा धोकादायक आहे, गोदामात हलवण्यात येईल. त्या गोदामातून परत आलेलं काही कोणी पाहिलं नव्हतं.

बाजारात भाजी विकणारी रुजेको आत्या माझ्याच कुळाची. पाटी वाचून ती कडाडली, "आमच्या म्हाताऱ्याला अडगळीत टाकणार? मी काय मेले का?"

तिने बाजारातल्या बायका गोळा केल्या. कोणी गवत कापलं, कोणी बाकं धुतली, कोणी वाफे खणले. बाग कशी हसू लागली! पण चौथरा दुरुस्त करायचा तर मला उचलायला हवं. सगळ्यांनी मिळून जोर लावला, मी तसूभरही हललो नाही.

मग निदान म्हातारा नीटनेटका दिसू दे, म्हणून त्यांनी मला पॉलिश केलं. आमच्याकडे पडवी लाल पॉलिशने आरशासारखी घासणं ही घरच्या बाईची अब्रू. तेच लाल पॉलिश त्यांनी मला कानापासून शेपटीपर्यंत फासलं. हाय रे माझं काळं तेज!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनचा ट्रक आला. गारिकाई मुकादम खाली उतरला आणि पोट धरून हसला. "हा पाणघोडा आहे की टोमॅटो?"

रुजेको आत्या कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "कुळ कोणतं रे तुझं?"

"माकड, आत्याबाई."

"ते दिसतंयच. आणि बायकोचं?"

मुकादम ट्रककडे बघू लागला. मागून त्याचा एक गडी ओरडला, "सांगा की, मुकादम!"

"पाणघोडा," तो पुटपुटला.

"अगं बाई, हा तर आपला जावई!" बायकांनी असा गजर केला की झाडावरचे पक्षी उडाले. आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हा तुझा कोण? सासरा! सासऱ्याला साखळीने बांधून अडगळीत टाकतोस, जावईबापू? आणि वर टोमॅटो म्हणतोस?"

आमच्याकडचा जावई लाड करून घ्यायला सासरी जात नाही. तिथे तो लाकडं फोडतो, ओझी वाहतो, आणि सासऱ्यासमोर खाली बसून टाळ्या वाजवतो. गारिकाई घामाघूम झाला.

"पण आत्याबाई, वरचा हुकूम आहे. हे कलंडलेलं धूड उद्या पोरांच्या अंगावर पडलं तर?"

"कलंडलंय ना? मग सरळ कर! एवढं यंत्र काय मिरवायला आणलंस?"

गारिकाईने क्रेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि टाळ्या वाजवत म्हणाला, "सासरेबुवा, माफी असावी. जरा हात लावतो."

पोटाखाली गोणपाट घालून त्याने साखळी लावली आणि मी वर उचलला गेलो! मला न्यायला आलेल्या यंत्राने मला अधांतरी धरलं होतं, आणि खाली बायका गाणं म्हणत चौथऱ्याचे दगड बसवत होत्या. ऊन कलायच्या आत मी माझ्या जागी ताठ बसलो. गारिकाईने स्वतः जाळ केला, लाल पॉलिश पुसून काढलं आणि मला मेण चोळलं. कचेरीत त्याने सांगितलं की धोका टळला आहे, पुतळा हलवायची गरज नाही. पाटी निघाली. मी जिंकलो, मित्रांनो, आम्ही सगळे जिंकलो!

आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बायका झाडू-खुरपी घेऊन येतात आणि जावईबापू न बोलावता हजर असतात. तुमच्याही बागेत असा कोणी दगडी म्हातारा बसला असेल. त्याच्याशी एखादं नातं जोडून बघा. मग हातात फडकं घ्या, असं कोणाला सांगावं लागत नाही.

गारिकाईची धाकटी लेक माझं नाक पुसते. परवा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही एवढे जाडे कसे?"

मला मुळीच राग आला नाही. नातीचं बोलणं कोणी मनावर घेतं का?