डोक्याची गोळी

बोदलकसा गावात सिकलसेल, हाडं ठणकवणारा रक्ताचा पिढीजात आजार, कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दीप्तीचे पाय दुखायला लागले की शेजारची दुर्गाबाई न बोलावता शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. कण्हणाऱ्या पोरीला कोणी खोटं म्हणत नसे. मात्र ही पोरगी पाणी पीत नाही, रक्ताची कॅप्सूल विसरते, बिघडलेला रेडिओ उघडून बसली की थंडीतही ओले कपडे बदलत नाही आणि दुखणं ओढवून घेते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. लापरवाह.

"हिले तहान लागली का नाही, हे बी रेडिओवरच सांगा लागते," दुर्गाबाई म्हणायची.

"तांब्या समोर ठेवला ना बापा," आई सुशीलाबाई ओरडायची. "काऊन नाही पेली? मराचं आहे का?"

दीप्तीला तांब्या दिसायचा. उचलायचा मात्र राहून जायचा.

२०१३ साली नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी या विसरण्याला नाव दिलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं. हा स्वभाव नव्हे, आजार आहे, असं सांगून त्यांनी सकाळची एक गोळी सुरू केली. दीप्ती आपणहून पाणी पिऊ लागली. कॅप्सूल चुकेना. पावसाळाभर दुखणं आलं नाही.

आलं ते थंडीत. सिकलसेलचं दुखणं कधी कधी काही न चुकताही येतं. सुशीलाबाई तिला घेऊन दवाखान्यात पोचली. नवे डॉक्टर इंजेक्शन भरत होते.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"रक्ताची कॅप्सूल," सुशीलाबाई म्हणाली. पोरगी आता नेमानं औषध घेते याचा तिला अभिमान होता. "आन् डोक्याची गोळी, साहेब."

"डोकं दुखतं?"

"नाही जी. डोक्याचीच. नागपूरची."

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. "म्हणजे मेंटल आहे."

"तरीच म्हटलं, इतकी कायले ओरडते," नर्सबाई हसल्या.

"दुखून राहिलं हो!" दीप्ती किंचाळली.

"मन दुसरीकडे लाव," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तो पोरगाही सिकलसेलचाच. त्याला लगेच सुई मिळाली. दीप्ती बाकावर वळवळत राहिली. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. पुढे एक्स-रेत खुब्याचं हाड खराब झालेलं दिसलं. ती लंगडू लागली.

गावात आता गरम पाण्याची पिशवी येईना. "डॉक्टर म्हणते, डोक्याचं आहे," दुर्गाबाई विहिरीवर सांगायची.

"फेकून टाक ती गोळी," आई म्हणाली.

"तिच्यानंच तर पाणी पिऊन राहिली ना मी."

"पाण्याचं मी पाहीन. तू ओरडशील तवा कोणी ऐकाले पायजे का नाही?"

दीप्तीनं स्वतःच्या हातानं सगळ्या गोळ्या शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या.

आई दिवसभर शेतावर, धानाच्या बांधीत. पाण्याचं पाहायला घरी कोणी नव्हतं. उन्हाळ्यात दुखणं आलं, आधीपेक्षा मोठं. दवाखान्याच्या दारातूनच सुशीलाबाई सांगू लागली, "सिकलसेल आहे जी. डोक्याचं काही नाही. ते बंद केलं."

लगेच खाट मिळाली. लगेच सुई लागली.

"कॅप्सूल रोज घेतेस ना?" थंडीतल्या त्याच डॉक्टरांनी विचारलं.

दीप्तीनं आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही.

"हो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी समाधानानं मान हलवली. "बघा," ते सुशीलाबाईला म्हणाले, "असं नीट सांगितलं की आम्हालाही कळतं."