सहा नंबरचा जोड

जिनेशने सँडलचा पट्टा घोट्याशी ओढला, तशी श्रेयाने दातावर दात घट्ट दाबले.

“टोचतंय का?”

“न्हाई. नडगी दुखतीय. जुनंच हाये.”

जिनेशचा हात पट्ट्यावरच राहिला. चार महिन्यांपूर्वी मंचरच्या याच दुकानात, याच बाकावर बसून महाळुंगे पडवळच्या या पोरीने पोलीस भरतीसाठी पळायचे बूट मागितले होते. तिच्या तळव्याची कमान चांगलीच उंच. असा पाय टाच आणि चवड्यावरच आपटतो, त्याला मऊ गादीचाच बूट हवा, हे जिनेशला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं दुसरं बघितलं काय होतं त्याने, पायांशिवाय? पण सहा नंबरात तसला जोड नव्हता, आणि कडक तळाचा एक दोन वर्षं फळीवर धूळ खात पडला होता. ‘भरतीची सगळी पोरं हाच नेतात,’ असं खुशाल ठोकून दिलं पठ्ठ्याने. पोरगी हसतहसत घेऊन गेली.

“भरतीच्या ग्राउंडचं काय झालं?” विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. कुंडलिकराव दाराशी स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर.

“काय व्हायचंय? आठशे मीटर पळायचं, ही पाचशेलाच खाली बसली. आता बास म्हटलं. रविवारी पिंपळवंडीचं पावणं येत्यात बघायला. सँडल जरा चांगली दाखवा, भाऊ.”

“माझ्यातच दम न्हाई,” श्रेया फरशीकडे बघत म्हणाली.

जिनेश उठला आणि उगाचच खोकी खालीवर करू लागला. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? सँडल बांधून द्यायची, दिवाळीनंतर पोरीचं लग्न, विषय संपला. पण एकच खोकं तो तिसऱ्यांदा त्याच जागी ठेवत होता.

“आन् भाऊ, परवा तुमचा माफीचा मेसेज आला व्हता,” कुंडलिकराव म्हणाले. “तुमच्या लोकांचं हे लई चांगलं असतंय राव. म्हटलं, या माणसानं आपलं काय वाईट केलंय, माफी मागायला?”

परवा जैनांची संवत्सरी होती. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल, तर हात जोडून क्षमा मागायचा दिवस. जिनेशने एका बोटात पाचशे गिऱ्हाइकांची क्षमा मागून टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडून मोकळ्या मनाने दुकान उघडलं होतं. आता त्याला स्वतःचीच शरम वाटली.

तो आतून तांब्याभर पाणी घेऊन आला. श्रेयाची सँडल काढून त्याने तिच्या तळव्यावर पाणी ओतलं, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं.

“उभी राहा यावर.”

तिने पाय उचलला. कागदावर टाच उमटली होती, चवडा उमटला होता. मधला कागद कोराच.

“हे मला तेव्हाच दिसलं होतं, कुंडलिकराव. हिला मऊ बूट लागतो. माझ्याकडे नव्हता, म्हणून पडून असलेला कडक जोड मी हिच्या गळ्यात मारला. त्यानेच नडगी धरली असणार. पोरीचं काही चुकलं नाही.” त्याने हात जोडले. “परवाची माफी सगळ्यांना पाठवली होती. ही तुम्हा दोघांची मागतोय.”

कुंडलिकराव ताडकन उठले. आता शिवी येणार म्हणून जिनेश मान खाली घालून उभा राहिला. आली असती तर बरं झालं असतं.

श्रेया अजून त्या कागदाकडेच बघत होती.

“म्हंजे, भाऊ... माझ्यात दम व्हता?”

जिनेशने होकारार्थी मान हलवली. 

कुंडलिकरावांनी वाकून सँडल उचलल्या, दोन्ही नीट खोक्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि खोकं त्याच्या पुढ्यात सरकवलं.

“माफीचं नंतर बघू. आदी तसला बूट कुठं मिळतो, ते सांगा.”