पाऱ्याच्या दोन रेघा

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. खिडकीची नव्हे, आरशाची तर नाहीच; फिल्मऐवजी जिच्यावर फोटो उमटवत, ती काच. मला वेधशाळेच्या दुर्बिणीला लावून माझ्यावर एका जोडताऱ्याचा प्रकाश उतरवला होता. एकमेकांभोवती फिरणारे ते दोन तारे इथून एकच दिसतात. त्यांचा प्रकाश लोलकातून फाकून माझ्यावर बारीक रेघा होऊन उमटला. कोणती रेघ कोणत्या धातूची, हे जाणकारांना ओळखता येतं.

रेघा मोजायला मला मोजणीबाईंकडे दिलं. सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्या डोळ्यांत तेल घालून काम करत. खरं तर एकाच डोळ्यात, कारण भिंगातून बघताना दुसरा मिटलेला असे. तिसऱ्या दिवशी त्या एकदम खुर्चीवरून उठल्याच. त्यांना पाऱ्याची रेघ सापडली होती, आणि एक नव्हे, शेजारी शेजारी दोन! म्हणजे दोन्ही ताऱ्यांत पारा, आणि तोही वाजवीपेक्षा फार जास्त. असा जोडतारा तिथे कोणी पाहिला नव्हता. अभिमानाने मी तडकायची तेवढी बाकी होते.

मोठ्या साहेबांनी मला हातातही घेतलं नाही.

"रस्त्यावर पाऱ्याचे नवे दिवे लागलेत ना? त्यांचाच उजेड शिरलाय आत."

"दिव्याची रेघ एकच पडली असती, साहेब. एक तारा जवळ येतोय, दुसरा लांब जातोय, म्हणून या दोन झाल्यात. अजून एक काच घेऊन बघू या ना."

"बाई, तुमचं काम मोजायचं."

साहेबांचा शब्द म्हणजे पूर्वदिशा. माझ्या पाकिटावर लाल शाईने 'खराब' असा शेरा पडला. तोही साहेबांनी बाईंच्याच हातून लिहवून घेतला.

मग एकतीस वर्षं मी तळघरातल्या लाकडी कप्प्यात उभी होते. आता चांगल्या काचांचे फोटो काढून ठेवतात आणि 'खराब' काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन, रेघा पुसून कोऱ्या करून फोटोफ्रेमवाल्याला देतात. हे कानावर आलं, तशा बाई भाचीचा हात धरून आल्या.

"यावर तर खराब लिहिलंय, आजी," कारकून म्हणाला. "अक्षर कुणाचं?"

"माझंच."

तो भला माणूस होता. "बरं, चांगली आहे ते दाखवा. ठेवतो बाजूला."

बाईंनी मला खिडकीशी धरलं. भिंग लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. माझ्या रेघा होत्या तशाच ठसठशीत होत्या. बाईंचे डोळे मात्र तसे राहिले नव्हते.

"तुला दिसतायत का गं दोन?"

"मावशी, मला सगळ्याच रेघा सारख्या दिसतात."

बाईंनी मला हळूच पाकिटात घातलं. "साहेबांचंच खरं असेल," त्या म्हणाल्या. "मीच चुकले असेन."

उद्या सकाळी पाणी तापेल. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत असेल, तर त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर शेजारी बसा आणि ती बघायला शिका. धुतलं जाण्याचं मला फारसं दुःख नाही. बाई चुकल्या नव्हत्या, आणि हे फक्त मला ठाऊक आहे.