ओल्या गोळ्या

हितेंद्र सरांनी भट्टीतला ट्रे प्राचीसमोर आपटला. गोळ्या पुन्हा फुटून त्यांचा भुगा झाला होता.

"परत ओल्या! परवाची बॅच पण अशीच निघाली ना, तर पार्टी सॅम्पल उचलून नेणार आणि ही गोळ्या वळायची थाळी भंगारात. मग तू आणि मी दोघं घरी."

माझगावच्या त्या जुन्या शेडमध्ये जस्ताच्या खनिजाची पावडर तपासायला येते. मैद्यासारखी बारीक, पण काळपट. तशीच भट्टीत टाकली तर धुरासोबत उडून जाते. म्हणून तिरक्या फिरत्या थाळीत पाणी फवारून आधी तिच्या गोळ्या वळायच्या. मग भट्टीत त्यातलं गंधक जळतं आणि गोळ्या भाजून टणक होतात. पाणी जास्त झालं की आतल्या वाफेने फुटतात. यात जादूबिदू काही नाही.

ही थाळी आयुष्यभर प्राचीच्या वडिलांनी, दौलतने, चालवली. तोंडात पाण्याचा घोट घेऊन इस्त्रीवाल्यासारखा फुर्रकन फवारा मारायचा. ओठ कायम काळे. असल्या विषारी धुळीत तोंड घालणं हा शुद्ध गाढवपणा होता. इंजिनियर झालेल्या पोरीने भांडून भांडून नळीचा फवारा बसवून घेतला. नळीने गोळ्या झकास व्हायच्या, हे दौलतनेही कबूल केलं होतं.

तो वारला, प्राची थाळीवर आली आणि गोळ्या ओल्या व्हायला लागल्या. तिने पाणी कमी केलं. आणखी कमी केलं. आज तर नळी बंदच ठेवली होती. कोरडी पावडर सरसरत होती आणि पाठीमागून आवाज आला, फुर्र. मानेवर शिंतोडे उडाले. ती घाबरली. आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं.

भोईवाड्याला घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. मालनने शांतपणे विचारलं, "निघताना काय बोलतेस तिथे?"

"काय बोलणार? थाळीवर हात ठेवते आणि म्हणते, येते बाबा."

"अगो, मयताच्या घरातून उठताना कोण येते म्हणतं काय? मुकाट निघायचं असतं. तू रोज येते म्हणतेस, मग ते बापडे कुठे जाणार? वाट बघत बसतात. थकलेत गो ते. जाऊ दे त्यांना. शब्द दे मला."

प्राचीने शब्द दिला. दुसऱ्या दिवशी ओठ घट्ट मिटून शेडमधून निघाली आणि गेटपर्यंत रडली.

बॅचच्या दिवशी नळी सुरू केली. पाठीमागे काही नाही. गोळ्या वाटाण्याएवढ्या, एकसारख्या. भट्टीतून निघाल्यावर कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकल्या तरी शाबूत. "एक नंबर!" सर ओरडले आणि त्यांनी सगळ्यांना वडापाव मागवले. थाळी वाचली, नोकरी वाचली, बाबा सुटले.

सगळे निघाल्यावर तिने स्विच बंद केला. थाळी फिरत फिरत थांबली. शेड इतकी रिकामी तिला कधीच वाटली नव्हती. दारात ती थांबली. आईला दिलेला शब्द तिला आठवत होता, चांगलाच आठवत होता.

"येते, बाबा."

लगेच काही झालं नाही. बऱ्याच वेळाने, दमलेल्या माणसाने उठून मारावा तसा, एकच फवारा तिच्या मानेवर आला.